आत्यांच्या फांद्या

आज दुपारपासून हॉलमध्ये चार्ट पेपर पसरलाय. लेकीला शाळेत फॅमिली ट्री करून न्यायचाय आणि तिचं एकच चालू आहे, हा माझा कोण लागतो, ती माझी कोण लागते. नवी मुंबईतल्या घणसोली गावात आमची अर्धी आळी एकाच आडनावाची, सगळेच दादा आणि सगळ्याच ताई, मग पोरीला कळणार तरी कसं.

काकाची मुलं चुलत, आत्याची आते, मामाची मामे, मावशीची मावस, एवढं तिला पाठ आहे. अडतं ते उलट बाजूने बघताना. चुलत आणि मावस दोन्हीकडून सारखंच राहतं, पण आत्याचा मुलगा तिचा आतेभाऊ असला तरी त्याची ती मामेबहीण होते. असं का, तर वर दोघे भाऊ किंवा दोघी बहिणी असल्या की नातं फिरत नाही, एक भाऊ नि एक बहीण असली की फिरतं. हे पेन्सिलने बाण काढून दाखवलं तेव्हा तिचे डोळेच चमकले, मग शेजारच्या काकूंच्या घरातली नाती पण सोडवायला लागली. त्यात पुढचं म्हणजे पिढी. माझा चुलतभाऊ तिचा मामा, म्हणून त्याची मुलगी तिची मामेबहीण. आधी पिढी बघायची आणि मग बाजू, की सुटतं सगळं.

पूर्वी आपल्याकडे कितीतरी समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालायचं आणि चुलत किंवा मावस बहीण मात्र सख्खीसारखीच मानायची, तेव्हा हा फरक माहीत असणं गरजेचंच होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पण वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंत सपिंड नातं धरलंय, त्यात लग्न चालत नाही, तशी रूढी असेल तरच सूट. लेकीला हे आत्ता नाही सांगितलं, मोठी झाली की सांगेन.

पण मला आज खरं लागलं ते वेगळंच. नावं हवीत म्हणून बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कपाटातून घरची वंशावळ काढली. लाल कापडी पुठ्ठ्याची वही, वर पणजोबांचं नाव, खाली मुलगे, त्यांच्या खाली त्यांचे मुलगे, शाई फिकी झालीय पण अक्षर सुंदर. त्यात बाबांच्या तिन्ही बहिणी नाहीत, एकीचंही नाव नाही. आणि ह्याच माझ्या आतेसासवा प्लॉटच्या वेळी उन्हातून सह्या करायला आल्या होत्या, हक्कसोडपत्रावर तिघींनी सही केली आणि भावाला राखी बांधून परत गेल्या. सहीला आठवल्या तशा वहीत का नाही आठवल्या? १९५६ च्या वारसा कायद्यात मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला जन्मापासून मुलाइतका हक्क दिला, तरी आमच्या वहीत अजून जागा नाही. माझ्या माहेरच्या वहीत मीही नसणारच, भावाच्या मुलांची एकुलती एक आत्या असून.

आमच्याकडे साडेबारा टक्के म्हटलं की सिडकोचा प्लॉट. १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको आली, गावांच्या जमिनी गेल्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ चं आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत मिळाले, हे इथल्या प्रत्येक घराला माहितीय. आज लेकीला भावंडांच्या रक्ताचं समजावताना तोच आकडा आला. चुलत, आते, मामे, मावस, चारही भावंडांशी आपला डीएनए सरासरी साडेबारा टक्केच जुळतो, त्यांच्या पुढच्या पिढीत मुलामुलांत तो तीन टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे रक्ताच्या हिशोबात आत्याचा मुलगा काकाच्या मुलापेक्षा तसूभरही कमी नाही. सुतक भावकीला दहा दिवसांचं, आतेमामेंना कमी, ते आपण ठरवलेलं. ठरवलेलं बदलता येतं ना.

बाबांना हे सगळं सरळच बोलले. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले लिही, मोठीला जेएनपीटी बंदराकडे दिलेली, तिला दोन मुलगे एक मुलगी, मुलीचं नाव मलाच नीट आठवत नाही, फोन लाव. स्पीकरवर आतेसासूबाई नातवंडांची नावं इतक्या भरभर सांगत सुटल्या की लेकीने पेन्सिल टाकून मोबाइलवर रेकॉर्डच केलं. चार्ट पेपर पुरेना, खाली दुसरा चिकटवलाय. धाकट्या दोघींचं बाकी आहे, त्यांना उद्या फोन. पणजीचं माहेर कुठलं ते बाबांनाही सांगता येत नाहीये, दिवा गावच्या आत्याला विचारायला सांगितलंय.