नवऱ्याचे गुडघे आणि कनूचा काठ

मागच्या वर्षी आम्ही सेकंडहँड कनू घेतली, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची लांबट होडी. सोळा फुटी, ॲल्युमिनियमच्या काठाची, आधीच्या मालकाने खडकांवर मनसोक्त घासलेली. आईला फोनवर सांगितलं "अगं आम्ही कनू आणली" तर तिचा पहिला प्रश्न, "कोण हा कनू?" तेव्हापासून घरात तिचं नाव कन्हैयालाल पडलंय ते पडलंच.

आम्ही राहतो कॅनडात, ओंटारिओत, आणि इथे मे महिना लागला की अर्ध्या गाड्यांच्या टपावर उलटी होडी दिसते. आपणही करून बघू म्हणून सुरू केलं आणि लागलंच वेड. नवरा उंच, सहा फूट दोन इंच, तो पुढे बसतो, मी मागे, कारण मागचा माणूस होडी वळवतो आणि आमच्या घरात वळवण्याचं काम कोणाकडे आहे ते सगळ्यांना माहितीये :)

तर प्रॉब्लेम असा झाला की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ह्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला निळे-जांभळे डाग. कनूची सीट काठाच्या बरीच खाली असते, उंच माणूस त्यावर बसला की गुडघे वर येतात, आणि पुढे होडी निमुळती होत जाते त्यामुळे ते दोन्हीकडून बरोब्बर काठालाच टेकतात. आणि वल्हवताना पाय सैल सोडून चालत नाही, गुडघे बाजूला रेटून धरले तरच अंगाची ताकद होडीत उतरते, नाहीतर तुम्ही सीटवरच डुलत बसता. म्हणजे तासाला शेकड्याने वल्ही मारायची आणि प्रत्येक वेळी गुडघा त्या ॲल्युमिनियमच्या धारेवर. त्यात एका रिव्हेटचं डोकं आतून वर आलेलं, विकणाऱ्याने अर्थात ते सांगितलं नव्हतं.

ह्या काठाला इंग्रजीत गनल (gunwale) म्हणतात, स्पेलिंगमध्ये मात्र चक्क गन आहे, जुन्या जहाजांवर तोफा ज्या फळीवर ठेवायचे तिचं नाव. तोफेसाठी केलेली जागा, तिथे आपण गुडघा ठेवतोय, लागणारच.

डागांचं मी फार मनावर घेतलं नाही (खरं सांगायचं तर थोडं हसलेच), पण मग एकदा ग्रँड रिव्हरवर तीन तास वल्हवून उतरलो तर ह्याचा डावा पाय बधिर. घोट्याच्या वरून पावलापर्यंत मुंग्या, आणि चालताना पाऊल नीट उचललं जाईना, चप्पल फटक फटक आपटतेय. अर्ध्या तासात बरं झालं पण मी घाबरले. ओळखीतल्या एका फिजिओथेरपिस्टना विचारलं तर त्यांनी लगेच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरासं खाली, बोट ठेवून दाखवलं. तिथे एक बारकं हाड हाताला लागतं, त्याच्या मानेला वळसा घालून एक नस पावलाकडे जाते, आणि तिच्यावर मांस जवळजवळ नाहीच, कातडी आणि खाली हाड. पायावर पाय टाकून फार वेळ बसलं की पाय झोपतो ना, तेव्हा बऱ्याचदा हीच नस दबलेली असते. त्या म्हणाल्या, डाग जाऊ दे गं, पण ह्या नसेवर रोज धार दाबू नका. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही नुसती सोयीची गोष्ट नाहीये, पॅडिंग करायलाच हवं.

पहिला प्रयोग पूल नूडल. तो स्विमिंग पूलमधला लांब फोमचा दांडका असतो ना, डॉलर स्टोअरमध्ये मिळतो, तो उभा चिरून काठावर चढवला, पट्ट्यांनी आवळला, आणि एवढा छान गुबगुबीत दिसला की मी उत्साहात पुढून मागपर्यंत सगळ्या काठाला चढवला. फोटोबिटो काढले. मग एकेक गंमत सुरू झाली.

आधी गाडीवर. कनू टपावर उलटी ठेवतात, म्हणजे तिचा सगळा भार काठावरच येतो. नूडल दबला, आवळलेले स्ट्रॅप सैल पडले, आणि हायवेवर मागच्या गाडीतला माणूस हॉर्न वाजवून हातवारे करायला लागला तेव्हा कळलं की कन्हैयालाल तिरका चाललाय. बाजूला थांबून नूडल तिथल्या तिथे उपटला, फक्त पुढचा आणि अगदी मागचा ठेवला.

मग पाण्यात. मी मागून होडी सरळ ठेवायला स्ट्रोकच्या शेवटी वल्ह्याचा दांडा काठाला हलकासा टेकवून बाहेर ढकलते, ते सगळेच करतात. दोन तासात माझ्या बाजूचा नूडल किसून निघाला आणि निळे तुकडे पाण्यावर तरंगायला लागले. ते वेचत बसले मी जाळीने. लाज वाटली हो. एवढ्या स्वच्छ पाण्यात आपण फोमचा कचरा करतोय असं वाटलं.

आणि तिसरं म्हणजे नवऱ्याला तरीही मजा येईना. म्हणे दुखत नाही पण होडी कळत नाही. मला आधी वाटलं नाटकं, मग मी पुढे बसून बघितलं तर खरंच. गुडघ्यातूनच आपल्याला कळतं होडी कुठे झुकतेय, लाट कुठून आली, आणि गुबगुबीत फोममध्ये ते सगळं विरून जातं. उशीवर बसून सायकल चालवल्यासारखं. म्हणजे पाहिजे काय तर जाड-मऊ नको, पातळ आणि घट्ट पाहिजे, आणि फक्त जिथे टेकतं तिथेच.

आता नेमकं कुठे टेकतं हे कसं शोधायचं? ह्याला विचारलं तर "इथेच कुठेतरी". मग मी देवघरातून कुंकू आणलं. कनू मागच्या अंगणात गवतावर ठेवली, ह्याच्या गुडघ्यांना थोडं तेल आणि वर कुंकू लावलं, आणि म्हटलं बस आता आणि वल्हव. कोरड्या गवतावर हाफ पँट घालून, गुडघ्यांना कुंकू लावून वल्ही मारणारा माणूस, शेजारचे आजोबा कुंपणावरून किती तरी वेळ बघत होते, शेवटी हात हलवून आत गेले. पण डाग एकदम चोख उमटले. दोन्ही बाजूंना काठाच्या आतल्या आणि खालच्या कडेवर, वितीपेक्षा थोडे लांब. वरच्या बाजूला काहीच नाही! म्हणजे आख्खा नूडल वरून चढवण्याची गरजच नव्हती.

मग मिनिसेल फोम मागवला. हा बंद पेशींचा असतो, म्हणजे पाणी पीत नाही. (मधल्या काळात एक साधा स्पंजही लावून झाला होता, तो दहा मिनिटात टम्म फुगला, मग दिवसभर त्यातून पाणी गळून ह्याची पँट ओली. त्यावर जास्त बोलत नाही.) साधारण बारा मिलिमीटर जाडीचे, तीस सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे कापले, कडा पॉलिश पेपरने घासून गोल केल्या, म्हणजे गुडघा अडकून फोम उचकटत नाही. ते वर आलेलं रिव्हेट आधी कानशीने घासून सपाट केलं.

चिकटवायला कॉन्टॅक्ट सिमेंट. त्याचं तंत्र म्हणजे आपला सायकलच्या पंक्चरवाला, तस्सं. तो कसा ट्यूब घासतो, ट्यूबला पण सोल्युशन लावतो, ठिगळाला पण लावतो, आणि मग आपण घाई केली की म्हणतो "थांबा जरा, सुकू द्या". ॲल्युमिनियम घासलं, स्पिरिटने पुसलं, दोन्हीकडे लावलं, पंधरा मिनिटं थांबले, बोटाला ओलं लागेना पण चिकट वाटायला लागलं तेव्हा दाबलं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलने खूण करायची. डावीकडे मी घाई केली.

तुमच्या कनूचा काठ लाकडी असेल तर मात्र असं कायमचं चिकटवू नका प्लीज. फोमखाली ओल साठते आणि लाकूड आतून कुजायला लागतं, वरून दिसतही नाही. त्यापेक्षा काढता येईल असं बांधा आणि घरी आलं की सोडून वाळवा.

काही जण विचारतील की एवढं करण्यापेक्षा गुडघे टेकूनच का नाही बसत. बसतो ना, वारा सुटला की दोघंही खाली गुडघ्यांवर उतरतो, वजन खाली गेलं की होडी एकदम शहाणी होते. तिथे तळाला जुन्या कॅम्पिंग मॅटचा तुकडा टाकलाय. पण चाळिशीनंतर तासन् तास वज्रासन कोणाला जमतं? आणि ह्याचे तेरा नंबरचे बूट सीटखाली अडकतात, उलटलो तर पाय निघायलाच हवा, त्यामुळे तो गुडघ्यांवर बसला की बूट काढून पातळ वॉटर शूज.

ह्या जूनमध्ये ॲल्गॉनक्विन पार्कला गेलो. 'कनू लेक' नावाच्या तळ्यावरून निघालो, वाटेत २९५ मीटरचं पोर्टेज, म्हणजे होडी डोक्यावर घेऊन चालत जायचं, आणि मग पुढे 'जो लेक' नावाचं दुसरं तळं. होडी खांद्यावर घेताना आधी ती मांडीवर उचलून धरतात, त्यात काठ कचकन गुडघ्यावर बसतो, तिथे पॅडिंगचा काही उपयोग नाही हे तेव्हा कळलं. काळ्या माश्या चावत होत्या, दोन्ही हात होडीला, त्यामुळे नवरा जे काही बोलला ते इथे लिहीत नाही. पण चार तास वल्हवून तंबूपाशी उतरला तो सरळ चालत गेला. मी मागून त्याचं डावं पाऊलच बघत होते.

डावीकडच्या फोमचं टोक सुटायला लागलंय, परत लावावं लागेल, ह्यावेळी पंधरा मिनिटं पूर्ण. आणि ते कुंकू काठाच्या फटीत जाऊन बसलंय, काही केल्या निघत नाही. आईला व्हिडिओ कॉलवर कनू दाखवली तर तिला पहिल्यांदा तेच दिसलं. "पूजा केलीस ना, छान केलंस," म्हणाली. मी हो म्हटलं.