दोन किलोमीटरांचा परवाना

२० जानेवारी २०२१, बायडेन यांच्या शपथविधीचा दिवस. कोविडमुळे आम्ही सगळे घरूनच काम करत होतो. कॅनडातल्या अल्बर्टाचं तेल अमेरिकेत नेणारी कीस्टोन एक्सएल पाइपलाइन रद्द होणार ही बातमी रविवारीच फुटली होती, त्यामुळे सकाळच्या मीटिंगमध्ये कोणाला धक्काबिक्का बसला नाही. आमची कंपनी या कामावरच्या अनेक कंत्राटदारांपैकी एक, कॅलगरीतली. मॅनेजर एवढंच म्हणाला, "नवीन काही काढू नका, आहे ते सांभाळा."

सांभाळायचं म्हणजे यार्डात रचलेले ३६ इंची पाइप. त्यांच्यावरचा इपॉक्सीचा हिरवा लेप उन्हात पडून राहिला की खडूसारखी भुकटी सोडतो आणि पातळ होत जातो. कोणती रास झाकायची, कुठली टोकं उघडी आहेत, लेपाची जाडी परत कधी मोजायची, याची यादी मी दिवसभर करत होतो. ओबामांनी हा प्रकल्प २०१५ मध्ये नाकारला, ट्रम्प यांनी तो पुन्हा उभा केला आणि आता तिसरे साहेब आले.

गंमत म्हणजे अल्बर्टातलं हार्डिस्टी ते अमेरिकेतलं नेब्रास्का या जवळपास १,९५० किलोमीटरांत राष्ट्राध्यक्षांचा परवाना लागतो तो सरहद्द ओलांडायला. माँटानातला तो जेमतेम दोन किलोमीटरांचा तुकडा २०२० मध्येच जमिनीत गेला होता. एकदा गाडल्यावर कोण उकरतंय, असा आमच्याकडे सगळ्यांचा होरा. दुपारी प्रकल्प रद्द करण्यावर बायडेन यांची सही झाली. पाइपला कोणी हातही लावला नाही.

संध्याकाळी अल्बर्टातल्या ओयेन गावच्या मोटेलवाल्याचा फोन आला. गुजराती माणूस, कामगारांच्या भरवशावर त्याने खोल्या रंगवून घेतल्या होत्या. "भाई, माणसं परत कधी येणार?" काय सांगणार? खुद्द अल्बर्टा सरकारने यात दीड अब्ज डॉलर घालायचं ठरवलं होतं.

नेब्रास्कातल्या शेतकऱ्यांचा विरोध मला तेव्हाही पटायचा; जमीन त्यांची, खालचं पाणी त्यांचं. पण प्रकल्प रद्द झाल्यामुळे अल्बर्टाचं तेल जमिनीतच राहिलं, असं कोणी म्हणालं की हसू येतं. एनब्रिज कंपनीची लाइन ३ ही दुसरी तेलवाहिनी याच बायडेन सरकारने अडवली नाही. जुन्या लाइनच्या बदल्यात टाकलेली ती नवी लाइन ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली. क्षमता रोज ७,६०,००० बॅरल, एक्सएलची होती ८,३०,०००. तेल अल्बर्टाचंच, जातं अमेरिकेतच. फक्त तिच्या नावाने निवडणुकीत कोणी वचन दिलं नव्हतं.

पुढे मला ट्रान्स माउंटन या तेलाच्या पाइपलाइनच्या विस्तारावर काम मिळालं. ती लाइन ओटावाच्या, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१८ मध्ये साडेचार अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. कार्बन टॅक्स लावणारं सरकारही तेच होतं. विस्ताराचं काम एडमंटन ते बर्नाबी, म्हणजे सगळं कॅनडातच. वॉशिंग्टनच्या सहीचा प्रश्नच नव्हता.