इचलकरंजीचा खासदार

इचलकरंजी नावाचा लोकसभा मतदारसंघ होता, हे आता विशीतल्या पोरांना मुद्दाम सांगावं लागतं. 1977 ते 2004 या काळात तिथं लोकसभेच्या नऊ निवडणुका झाल्या आणि त्या नऊ निवडणुकांत मिळून तीनच माणसं खासदार झाली. बाळासाहेब माने पाच वेळा, कल्लाप्पाण्णा आवाडे दोनदा, निवेदिता माने दोनदा. 2008 च्या पुनर्रचनेत मतदारसंघ गेला. शेजारचा कराडही त्याच फेरीत गेला. कराडकरांना त्याची हळहळ असेलच, मला आमच्या गावाची आहे.

माझं माहेर इचलकरंजीच्या गावभागातलं. वडील माग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारे कारागीर होते. लग्नानंतर मतदारयादीतलं माझं नाव कोल्हापूरला आलं, तरी निवडणूक म्हटलं की पहिली चौकशी माहेरचीच. गेल्या लोकसभेला भाचा पहिल्यांदा मत देणार होता. बोलता बोलता मी ‘इचलकरंजीचा खासदार’ म्हणाले, तर तो म्हणाला, "आत्ती, इचलकरंजीला कुठला खासदार? आपला हातकणंगल्याचा न्हवं का?" हा पोरगा डीकेटीईत, म्हणजे इचलकरंजीच्या टेक्स्टाइल-इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्या नावातला डीके म्हणजे दत्ताजीराव कदम, आणि ते 1971 साली लोकसभेवर निवडून गेले होते हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या संस्थेत तो रोज जातो ती उभी करण्यात पुढाकार होता कल्लाप्पाण्णांचा, म्हणजे आणखी एका खासदाराचा. त्या दिवशी ठरवलं की हे सगळं एका जागी लिहून काढायचं.

सुरुवात हातकणंगल्यापासूनच करावी लागते. इचलकरंजीच्या आधीही मतदारसंघाचं नाव हातकणंगलेच होतं. 1962 ला तिथून कृष्णाजी लक्ष्मण मोरे गेले, 1967 ला कोल्हापूरच्या राजघराण्यातल्या विजयमाला राणीसाहेब, आणि 1971 ला दत्ताजीराव. दत्ताजीरावांचं नाव इचलकरंजीत सहकारी सूतगिरणीशी जोडलेलं आहे. मागवाल्यांना सूत व्यापाऱ्याच्या मर्जीवर घ्यावं लागू नये, स्वतःची गिरणी असावी, हा विचार त्या पिढीनं प्रत्यक्षात आणला. दिल्लीत निवडून गेलेल्या माणसाला सुताचा काउंट, म्हणजे सूत किती बारीक ते कळत होतं, ही गोष्ट वडील फार अभिमानानं सांगायचे.

मग 1971 च्या जनगणनेनंतर सीमा नव्यानं आखल्या गेल्या आणि 1977 च्या निवडणुकीत इचलकरंजी हे नाव आलं. ती निवडणूक आणीबाणीनंतरची. देशभर काँग्रेसची पीछेहाट झाली, खुद्द इंदिरा गांधी हरल्या. आपल्या जिल्ह्यात काय झालं ते बघण्यासारखं आहे. कोल्हापुरातून शेतकरी कामगार पक्षाचे दाजीबा देसाई निवडून आले, तेही अवघ्या 165 मतांनी. त्या वर्षी देशातला सगळ्यात कमी फरकाचा निकाल तोच होता. आणि इकडं इचलकरंजीत काँग्रेसचे बाळासाहेब माने निवडून आले. तीसेक किलोमीटरच्या अंतरावर दोन शहरं, एकाच जिल्ह्यातली, आणि दोन वेगळे निकाल.

बाळासाहेबांचं कागदावरचं नाव राजाराम शंकरराव माने, गाव रुकडी. 1977, 1980, 1984, 1989, 1991. मध्ये काय काय झालं ते आठवा. जनता पक्षाचं सरकार आलं आणि गेलं, इंदिराजींची हत्या झाली, बोफोर्सवरून राजीव गांधींचं सरकार गेलं, 1991 च्या प्रचारात राजीवजींची हत्या झाली. दिल्लीत पंतप्रधान बदलत राहिले, इचलकरंजीचा खासदार बदलला नाही. आमच्या पिढीला शाळेत खासदार कोण विचारलं की उत्तर पाठच असायचं. माझ्या मते यामागं पक्षाचं चिन्ह जेवढं होतं तेवढंच माणसाचं वागणं होतं. हा पट्टा सोपा नव्हता. एका बाजूला मागांचा खडखडाट आणि दुसऱ्या बाजूला पंचगंगा-कृष्णेकाठचा ऊस. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्याचं दुखणं वेगळं, ऊसवाल्याचं वेगळं, आणि दोघांना एकाच माणसाकडं जायचं. असं दोन बाजूंचं ऐकून घेणारा माणूस लोकांनी धरून ठेवला.

1996 ला कल्लाप्पाण्णा आवाडे आले. त्यांच्या रूपानं खुद्द इचलकरंजी शहरातला माणूस इचलकरंजीचा खासदार झाला. आधी ते आमदार होते, राज्यात मंत्री होते, हुपरीच्या जवाहर साखर कारखान्यामागंही तेच. गावभागात त्या निकालाचा आनंद मी पाहिलाय. वडील राजकारणावर फारसं बोलायचे नाहीत, पण त्या रात्री ते म्हणाले, "आता आपलं गाव आपल्याच माणसाकडं." 1998 लाही तेच निवडून आले.

1999 ची निवडणूक मात्र मी आतून पाहिली. मी प्राथमिक शिक्षिका, त्यामुळं निवडणुकीची ड्युटी चुकायची नाही. त्या वर्षी पंचगंगेकाठच्या एका गावात आमचं केंद्र होतं. लोकसभा आणि विधानसभा एकाच वेळी, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन मतपत्रिका, एक पांढरी, एक गुलाबी. काँग्रेसनं काढून टाकल्यावर शरद पवारांनी जून महिन्यात राष्ट्रवादी काढली होती आणि सप्टेंबरात मतदान. वर्षानुवर्षं हातावर शिक्का मारलेल्या म्हाताऱ्या बायकांसमोर घड्याळ नावाचं नवीन चिन्ह. एका आजींनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "बाई, ह्यातला दिल्लीचा कुठला?" आम्ही फक्त रंग सांगू शकत होतो, आणि सांगितला. त्या आत गेल्या, बराच वेळ लागला, मग दोन्ही घड्या नीट करून बाहेर आल्या. लोक अडाणी आहेत, कळत नाही, असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी असं केंद्र एकदा सांभाळून बघावं.

त्या निवडणुकीत निवेदिता माने राष्ट्रवादीकडून निवडून आल्या. रुकडीच्याच मान्यांच्या सूनबाई. कल्लाप्पाण्णा हरले. कोल्हापुरातही राष्ट्रवादीचेच सदाशिवराव मंडलिक, म्हणजे जिल्ह्याच्या दोन्ही जागा तीन महिन्यांच्या पक्षाकडं. 2004 ला देशभर सगळीकडे मतदानाचं मशीन आलं, त्याही वेळी निवेदिताताईच. ती इचलकरंजी मतदारसंघाची शेवटची निवडणूक ठरली. हिशेब केला तर नऊपैकी सात वेळा खासदारकी रुकडीच्या एका घरात होती. घराणेशाही मला पटत नाही. पण एका बाईनं दोनदा हा मतदारसंघ जिंकला, याची नोंद व्हायलाच हवी, कारण आमच्या भागात तोवर बाईचं राजकारण ग्रामपंचायतीच्या राखीव जागेपलीकडं फारसं जात नव्हतं.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं 2001 च्या जनगणनेवर नवी आखणी केली आणि 2008 मध्ये ती लागू झाली. जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ बारावरून दहा झाले. वडगाव, पन्हाळा, सांगरूळ, गडहिंग्लज ही नावं गेली. लोकसभेच्या यादीत हातकणंगले परत आलं आणि त्यात सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळाही जोडले गेले. शाहूवाडीच्या डोंगरापासून शिरोळच्या काळ्या रानापर्यंत आता एकच खासदार.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 2009 ला शेतकरी चळवळीतल्या राजू शेट्टींनी निवेदिता मानेंना हरवलं. 2014 ला त्यांच्यासमोर कल्लाप्पाण्णा होते, तेही हरले. 2019 ला निवेदिताताईंचे चिरंजीव धैर्यशील माने यांनी शेट्टींना हरवलं आणि 2024 ला ते पुन्हा आले, 13,426 मतांनी. माणसं बरीचशी तीच राहिली, बोलण्याचा विषय मात्र पालटला. जयसिंगपूरची ऊस परिषद, पहिली उचल म्हणजे ऊसदराचा पहिला हप्ता किती, आंदोलन कधी. शेट्टींच्या चळवळीनं शेतकऱ्याच्या पदरात जे पाडलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझ्या सासरचा ऊसही त्याच दरानं गेलाय. तरीही मागवाल्याचं काय, हा प्रश्न माझ्यासारखीला सुटत नाही. वीजदर, सुताचे भाव, बंद पडलेले साधे माग, हे विषय दिल्लीत कोण मांडतं? पूर्वी नावातच इचलकरंजी होती, त्यामुळं खासदार उभा राहिला की शहराची ओळख आपोआप होत होती.

त्या एकतीस वर्षांतही सगळं मिळालं असं नाही. कोल्हापूर-मिरज मार्गावर रुकडीला स्टेशन आहे, हातकणंगल्याला आहे, जयसिंगपूरला आहे. लाखोंच्या इचलकरंजीला अजून रेल्वे नाही. मुंबईला निघालेल्या माणसाला आधी हातकणंगले नाही तर मिरज गाठायचं. हातकणंगल्याहून इचलकरंजीपर्यंत फाटा टाकायची मागणी वर्षानुवर्षं ऐकतेय. ते काम तिन्ही खासदारांकडून राहिलं, हेही लिहिलं पाहिजे.

इचलकरंजी हातकणंगले तालुक्यातच मोडते, म्हणून तालुक्याचं नाव दिलं, असं कुणी म्हणेल. पण 2022 ला इचलकरंजीची महानगरपालिका झाली. मतदारसंघातलं सगळ्यात मोठं शहर तेच. आता 2027 ची जनगणना होऊ घातली आहे आणि त्यानंतर पुन्हा आखणी होईल. मागच्या वेळी आयोगानं आधी मसुदा प्रसिद्ध केला होता, हरकती मागवल्या होत्या, जाहीर बैठका घेतल्या होत्या. एकदा अंतिम आदेश निघाला की त्याला कोर्टात सहसा आव्हान देता येत नाही, त्यामुळं जे काही म्हणायचं ते मसुद्याच्या वेळीच म्हणावं लागतं. मी माझं निवेदन आत्तापासूनच लिहायला घेतलंय: मतदारसंघाचं नाव इचलकरंजी असावं, आणि मागाचा आणि उसाचा पट्टा एकत्र राहावा. गावभागातल्या, शहापुरातल्या, कबनूरच्या लोकांनीही लिहावं. भाच्यानं त्याच्या वर्गातल्या मुलांच्या सह्या आणतो म्हणून सांगितलंय.