टोरंट अडकलं की मी काय तपासतो : माझा अनुभव

टोरंट म्हणजे एका सर्व्हरऐवजी, फाइल असलेल्या अनेक लोकांकडून ती तुकड्यातुकड्यांनी उतरवणं. ते करणाऱ्या क्यूबिटटोरंट या प्रोग्रॅममध्ये 'स्टॉल्ड' दिसलं की बरेच जण टोरंट काढून टाकतात आणि पुन्हा घालतात. त्याने काहीही सुटत नाही. 'स्टॉल्ड' म्हणजे एवढंच, की टोरंट चालू आहे पण या क्षणी कुणाकडूनही काही येत नाही. का येत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच खिडकीत असतं.

मी डेबियन या लिनक्सच्या आयएसओ फाइली (इन्स्टॉल करायच्या डिस्कच्या प्रती) आणि इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी मराठी पुस्तकं टोरंटने उतरवतो. माझा तपासायचा क्रम ठरलेला आहे. आधी बघायचं की फाइल कुणाकडे शिल्लक आहे का. मग त्या माणसापर्यंत माझा रस्ता आहे का. आणि शेवटी, आलेला माल माझ्या डिस्कवर नीट उतरतोय का. क्रम उलटा केला की राउटरशी झटापट करण्यात संध्याकाळ जाते आणि मग कळतं की त्या टोरंटचा एकही सीड (पूर्ण फाइल असलेला आणि ती वाटणारा) जिवंत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी 'सीड्स' हा कॉलम. तिथे ० (१४) असं काही लिहिलेलं असतं. कंसाबाहेरचा आकडा म्हणजे तुम्ही आत्ता जोडलेले सीड, कंसातला म्हणजे ट्रॅकरच्या (कोण कोण जोडलेलं आहे याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरच्या) मते एकूण किती आहेत ते. ० (०) असेल तर दोष बहुधा तुमच्याकडे नाही. ० (१४) असेल तर सीड आहेत, तुम्ही पोचत नाही आहात. या दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. पण ट्रॅकरचा आकडा शिळाही असू शकतो, म्हणून 'जनरल' टॅबमधली 'अव्हेलेबिलिटी' बघायचीच. जोडलेल्या सगळ्यांकडचे तुकडे एकत्र केले तर फाइलच्या किती प्रती होतात, तो हा आकडा. १ किंवा जास्त असेल तर फाइल पूर्ण होऊ शकते. ०.९८ असेल तर जोडलेल्यांपैकी कुणाकडेच नसलेले तुकडे आहेत, आणि तुम्ही सेटिंग कितीही बदललं तरी ते पैदा होणार नाहीत.

टोरंट ९९.९ वर का थांबतं तेही यातून कळतं. ४ जीबीची फाइल २ एमबीच्या तुकड्यांत विभागली तर २०४८ तुकडे होतात. एक तुकडा म्हणजे साधारण ०.०५ टक्का. एकच तुकडा कुणाकडे नसेल तर सगळे जण एकाच टक्क्यावर, एकाच तुकड्यासाठी ताटकळत बसतात.

अव्हेलेबिलिटी १ च्या वर आहे, सीडही जोडलेले आहेत, तरी वेग शून्य? मग 'पीअर्स' (तुमच्याशी जोडलेले लोक) हा टॅब उघडून 'फ्लॅग्ज' कॉलम वाचायचा. कॅपिटल डी असेल तर त्या माणसाकडून माल येतोय. स्मॉल डी असेल तर तुम्हाला हवंय, पण त्याने तुम्हाला अजून रांगेत ठेवलंय. याला चोक करणं म्हणतात. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटोरंट आणलं तेव्हापासून ही देवाणघेवाणीची शिस्त त्यात आहे: प्रत्येक जण मोजक्याच लोकांना एका वेळी माल देतो, दर १० सेकंदांनी हिशेब बघून यादी बदलतो, आणि दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्या माणसाला काही न घेता संधी देतो. तुमच्याकडे अजून एकही तुकडा नसेल तर इतर डाउनलोड करणाऱ्यांकडून मिळणारी ही संधीच तुमची सुरुवात असते. म्हणून सगळीकडे स्मॉल डी दिसत असताना टोरंट बंद-चालू करणं म्हणजे रांगेतून बाहेर पडून पुन्हा शेवटी उभं राहणं. मी दहा मिनिटं हात लावत नाही.

इथेच अपलोडच्या मर्यादेची चूक लक्षात येते. डेटा वाचवायला लोक अपलोड ५ केबीवर बांधून ठेवतात. मग देवाणघेवाणीत तुमचा नंबर कायम खाली राहतो. उलट अपलोड अगदी मोकळं सोडलं आणि लाइनचा अपलोड वेग कमी असेल, तर डाउनलोडच्या पोचपावत्याच अडकतात आणि दोन्ही दिशा मंदावतात. लाइनच्या खऱ्या अपलोड वेगाच्या ७५-८० टक्क्यांवर मर्यादा लावणं मला सगळ्यात योग्य वाटतं. मोबाइल हॉटस्पॉटवर हे फार जाणवतं. आणि वेगाचं माप नीट ओळखायचं: ५० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त सव्वासहा एमबी. पाच-साडेपाच येत असेल तर तक्रारीला जागा नाही.

आता रस्त्याचा प्रश्न. खिडकीच्या तळाशी 'डीएचटी नोड्स'चा आकडा असतो. डीएचटी म्हणजे ट्रॅकरशिवाय पीअरांनी एकमेकांना शोधायचं जाळं. चांगल्या जोडणीत काही मिनिटांत तो शंभरांच्या घरात जातो. तो ० वरच बसला असेल आणि सगळीच टोरंट थंड असतील, तर मी सगळ्यात आधी 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमधला 'नेटवर्क इंटरफेस' (प्रोग्रॅमने नेटला कुठल्या जोडणीने जायचं ते) बघतो. कधीतरी व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) वापरताना तिथे व्हीपीएनचा इंटरफेस निवडलेला असतो. व्हीपीएन बंद झालं की प्रोग्रॅमला बाहेर जायला दारच उरत नाही, आणि ब्राउझर मात्र मजेत चालत असतो, त्यामुळे संशय येत नाही. 'एनी इंटरफेस' करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की झालं. दुसरं कारण विंडोजचं फायरवॉल: नवीन वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलं आणि परवानगी फक्त 'प्रायव्हेट'ला दिलेली असेल, तर आत येणाऱ्या जोडण्या बंद होतात. तिसरं, एन्क्रिप्शन (जोडणी सांकेतिक करणं) 'रिक्वायर' वर ठेवलेलं असणं. त्याने एन्क्रिप्शन न वापरणारे सगळे पीअर तुटतात. 'अलाउ' पुरे.

मॅग्नेट लिंक (टोरंट फाइलऐवजी मिळणारी नुसती लिंक) 'डाउनलोडिंग मेटाडेटा' वर अडकली तरी आधी डीएचटीच बघायचं. मॅग्नेटमध्ये फाइलींची यादी नसते, फक्त एक खूण असते, आणि यादीसुद्धा कुठल्यातरी पीअरकडूनच आणावी लागते. त्या खुणेची अक्षरं मोजा: नेहमीच्या प्रकारात 'बीटीआयएच' नंतर ४० अक्षरं असतात, जुन्या काही लिंकमध्ये ३२. मेसेजमधून कॉपी करताना लिंक अर्धी तुटलेली असली की जन्मात मेटाडेटा येत नाही. शक्य असेल तिथे मी मॅग्नेटऐवजी टोरंट फाइलच घेतो, यादी तिच्यात तयार असते.

पोर्टचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्यांसाठीच्या दाराचं, प्रकरण जरा सावकाश समजून घ्यावं. तुमचं पोर्ट उघडं नसलं तरी डाउनलोड होतं, कारण तुम्ही उघड्या पोर्टवाल्यांकडे स्वतः जाऊ शकता. अडचण होते ती दोन्ही बाजूंची दारं बंद असतील तेव्हा, कारण मग कुणी कुणाला हाक मारायची? शंभर सीड असलेल्या टोरंटला याचा फरक जाणवत नाही. दोनच सीड असलेल्या जुन्या मासिकाच्या टोरंटला जाणवतो. म्हणून 'कनेक्शन' मध्ये ४९१५२ ते ६५५३५ मधलं एखादं पोर्ट पक्कं करायचं आणि यूपीएनपी (राउटरला ते पोर्ट आपोआप उघडायला सांगणारी सोय) चालू ठेवायचं. तेवढ्याने भागलं नाही तर राउटरमध्ये जाऊन तेच पोर्ट टीसीपी आणि यूडीपी या जोडणीच्या दोन्ही प्रकारांसाठी आपल्या संगणकाकडे वळवायचं. पोर्ट उघडं आहे का हे तपासताना क्यूबिटटोरंट चालू असलं पाहिजे, नाहीतर ते बंदच दिसणार.

एवढं करूनही बंद दिसलं तर राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) आणि बाहेरच्या साइटवर दिसणारा आपला आयपी शेजारी ठेवून बघा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ यापैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने एका आयपीमागे अनेक ग्राहक ठेवले आहेत. आपल्याकडे फायबरवर आणि मोबाइलवर हे सर्रास आहे. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट वळवा, दरवाजा तुमच्या हातात नाही. राउटरमधला आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मात्र दोष घरातलाच: कंपनीचं फायबरचं डबडं आणि त्यामागे तुमचं राउटर, असे दोन राउटर एकामागे एक बसलेत. पहिल्याला ब्रिज मोडवर (नुसती लाइन पुढे देण्यावर) टाकणं हा उपाय. एका आयपीमागे अनेक ग्राहक असतील तिथे स्टॅटिक आयपी (कायमचा, फक्त तुमचा पत्ता) विकत घेणं हा एक मार्ग, आणि आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत हा दुसरा. आयपीव्ही६ वर प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता मिळतो, पण राउटरचं फायरवॉल आत येणारं बहुधा अडवतं, तिथे त्या पोर्टला परवानगी द्यावी लागते. मी पैसे मोजण्याआधी आयपीव्ही६ करून बघा असंच सांगेन.

दोनशे ट्रॅकरची यादी चिकटवण्याचा उपाय मला अजिबात पटत नाही. नसलेला सीड त्याने उगवत नाही, आणि साध्या राउटरवर जोडण्यांचा भार मात्र वाढतो. टोरंट लावलं की घरातल्या सगळ्यांचं नेट गुदमरतं, ते बऱ्याचदा याच भाराने. एकूण जोडण्या ५०० वरून २०० वर आणि एका टोरंटला ५० वर आणा.

रांगेची मर्यादाही बघून ठेवा. एका वेळी ३ डाउनलोड चालू ठेवायची सेटिंग असेल आणि तीन मेलेली टोरंट त्या जागा अडवून बसली, तर चौथं जिवंत टोरंट 'क्यूड' वरच राहतं. 'संथ टोरंट या मर्यादेत मोजू नका' असा पर्याय तिथेच असतो, तो चालू करायचा.

डिस्कची दुखणी वेगळी ओळखू येतात: टोरंट 'एरर्ड' होतं, किंवा वेग वर चढतो, शून्यावर पडतो, पुन्हा चढतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीवरची फाइल त्यावर मावतच नाही, मग जागा कितीही असो. अर्धवट फाइली आतल्या एसएसडीवर ठेवून पूर्ण झाल्यावर बाहेरच्या डिस्कवर हलवणं उत्तम, तशी सोय 'डाउनलोड्स' मध्ये आहे. लिनक्सवाल्यांसाठी मराठीची एक खास अडचण सांगतो. ईएक्सटी४ (लिनक्समध्ये डिस्क फॉरमॅट करायची नेहमीची पद्धत) वर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे काना-मात्रा वेगळे मोजून ८५ चिन्हं. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल असं सगळं फाइलच्या नावात लिहिलं की मर्यादा सहज ओलांडली जाते. मग कुठला प्रोग्रॅम नाव छाटतो, कुठला एरर देतो. छाटलं असेल तर नंतर 'फोर्स रीचेक' (डिस्कवरचे तुकडे पुन्हा तपासणं) करताना मूळ नावाची फाइल सापडत नाही, आणि उतरलेला माल पुन्हा उतरवायला सुरुवात होते.

'जनरल' मधला 'वेस्टेड' हा आकडा वाढत असेल तर तुकडे येताहेत, पण तपासणीत नापास होऊन किंवा दुसऱ्यांदा आल्यामुळे फेकले जाताहेत. इंटरनेट अर्काइव्हच्या टोरंटमध्ये यामागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. अर्काइव्हचा सर्व्हरही वेब सीड म्हणून फाइली देत असतो. टोरंट बनल्यावर त्या पानावरची एखादी फाइल बदलली, तर सर्व्हर नवी फाइल देतो आणि टोरंट जुन्या फाइलीची खूण मागतं. तुकडा दोन फाइलींच्या सीमेवर असला तर बदललेल्या छोट्या फाइलीमुळे शेजारची मोठी पीडीएफही ९९ वर लटकते. अशा वेळी पानावरून ताजी टोरंट फाइल घ्यायची, जुनं टोरंट फाइली न पुसता काढायचं, नवं त्याच फोल्डरवर लावायचं आणि रीचेक करायचा. जवळजवळ सगळं जागेवरच सापडतं, थोडेच तुकडे नव्याने येतात.

अव्हेलेबिलिटी १ च्या खाली असेल तेव्हाचा उपाय शेवटी. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांचं हे नेहमीचं आहे: नवी आवृत्ती आली की सीड करणारे तिकडे वळतात आणि आधीच्या आयएसओचं टोरंट ०.९९ वर ओस पडतं. पण तीच फाइल डेबियनच्या जुन्या प्रतिमांच्या साठ्यात सरळ वेब डाउनलोडने मिळते. टोरंट थांबवायचं. अर्धवट फाइलच्या नावाला डॉट, उद्गारचिन्ह आणि 'क्यूबी' अशी शेपटी लागत असेल तर तो पर्याय बंद करायचा. अर्धवट फाइल बाजूला काढून वेबवरून आणलेली अगदी त्याच नावाने तिथे ठेवायची, आणि उजवं क्लिक करून 'फोर्स रीचेक'. एक तुकडा जरी वेगळा असला तरी इथे पकडला जातो. १०० टक्के झाल्यावर टोरंट पुन्हा सुरू करून 'पीअर्स' टॅब उघडा ठेवा. तुमच्यासारखेच अडकलेले जे कोणी जोडलेले असतील, ते ९९.९ वरून एकेक करून १०० वर जाताना तिथे दिसतात.