आमची वाटचाल : देखाव्याच्या निवेदनापासून भयरहस्य श्रुतिकेपर्यंत

रिक्षावरच्या जाहिराती आणि गणेश मंडळांच्या हलत्या देखाव्यांची निवेदनं यांवर आमचा बेळगावातला स्टुडिओ उभा राहिला. देखाव्याच्या रेकॉर्डिंगमध्येही संवाद, संगीत, गडगडाट असतोच. तिथूनच श्रुतिकेकडे वळलो. आता खानापूर तालुक्यातल्या एका कल्पित गावातून माणसं नाहीशी होतात, अशी मालिका करतो.

श्रुतिकेत गप्प बसलेलं पात्र ऐकणाऱ्याच्या लेखी तिथे नसतंच. मग ते गायब झालं हे कळणार कसं? म्हणून प्रत्येकाला पहिल्या भागापासून एक खूण देतो: काकूंच्या काचेच्या बांगड्या, पोस्टमनच्या सायकलची कोरडी चेन, आजोबांचा दम्याचा खोकला. तीन प्रसंगांत ती कानात बसली की चौथ्यात काढून घ्यायची. दार उघडतं, चहाचा कप ठेवला जातो, बांगड्या वाजत नाहीत. तिथे संगीताचा दणका आम्ही कटाक्षाने टाळतो; त्याने माणूस दचकतो आणि लगेच सैलावतो.

अशा जागी ट्रॅक कोरा सोडला तर मोबाइल बंद पडल्यासारखं वाटतं. म्हणून रेकॉर्डिंग संपलं की कुणालाही हलू न देता मिनिटभर त्या खोलीचा नुसता आवाज घेतो आणि विरामांत तोच भरतो.

पावसाळ्यात पत्र्यावरची सर कंडेन्सर माइक, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा संवेदनशील माइक, सहज पकडतो, आणि रेकॉर्डिंगमधून ती पुसताना बोलणंही पातळ होतं. त्या दिवसांत लांबचे आवाज कमी घेणारा डायनॅमिक माइक, तोंडापासून वीतभर, जरा तिरका. समोर धरला तर फ आणि भ फुटतात. गोष्टीतला पाऊस कणकुंबीच्या बाजूला स्वतंत्र घेतलेला असतो: कौलांवरचा वेगळा, चिखलातला वेगळा.

जंगलातली गुरगुर नुसती 60 हर्ट्झला, म्हणजे अगदी खालच्या खर्जात, ठेवली तर हेडफोनवर अंगावर येते, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. थोडं डिस्टॉर्शन देऊन, म्हणजे आवाज मुद्दाम जरा फाटका करून, 200 ते 400 हर्ट्झचे वरचे स्वर उभे केले की दोन्हीकडे पोहोचते. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने), 24 बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई). अंतिम मिक्स उणे 16 एलयूएफएस (कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप), ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे 1 डेसिबल.

नट बहुतेक इथल्याच रंगभूमीवरचे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय इथे आड येते, म्हणून तालमी खुर्च्या जवळ ओढून, हळू आवाजात. पात्रं बेळगावी मराठी बोलतात. लोंढा जंक्शनवरचा हमाल कानडीतच बोलतो. त्याचा अर्थ समोरच्याच्या उत्तरातून लागेल अशी वाक्यं लिहून घेतो. दुसऱ्या पर्वाच्या तालमी याच पद्धतीने चालू आहेत.