तांब्याची टाकी आणि तिचं लाल जॅकेट

लीड्सच्या या घरात राहायला आलो त्या दिवशी वरच्या मजल्यावरचं एक अरुंद कपाट उघडलं, आणि समोर पंचवटीतल्या आजोळचा बंब उभा! मधली नळी नव्हती, राखेचं दार नव्हतं, पण तेच तांबं आणि तोच गोल घेर. इथे याला हॉट वॉटर सिलिंडर म्हणतात. खालचा गॅस बॉयलर यातलं पाणी तापवतो आणि ते दिवसभर साठून राहतं.

आमची टाकी 450 मिलिमीटर रुंद, 900 उंच, म्हणजे साधारण 117 लिटरची. घर 1930च्या दशकातलं, टाकीही जुनीच, अंगावर काही नाही. हात लावला तर चटका बसायचा. कपाटात टॉवेल छान ऊबदार राहायचे आणि आम्हाला त्याचंच कौतुक. पण रात्री तापवलेलं पाणी सकाळी लेकीच्या आंघोळीला कोमट मिळायचं तेव्हा लक्षात आलं, ते टॉवेल आम्ही गॅस जाळून वाळवत होतो. थंडीत 10 अंशांचं पाणी 60 पर्यंत न्यायला एवढ्या टाकीला जवळजवळ 7 युनिट ऊर्जा लागते. ती रात्रभर कपाटात सोडून द्यायची?

मग 80 मिलिमीटर जाडीचं लाल जॅकेट आणलं. आत लोकरीसारखा थर, वरून पट्टे. मी पहिल्यांदा पट्टे चांगले करकचून आवळले, आणि ते चुकलं. ऊब धरते ती त्या थरात अडकलेली हवा. दाबून ती काढून टाकली तर उरतं काय? दुसऱ्यांदा सैल बांधलं, दोन तुकड्यांमध्ये फट राहणार नाही एवढंच पाहिलं. इमर्शन हीटरचं झाकण आणि थर्मोस्टॅट मात्र उघडे ठेवले, कारण झाकल्यावर तिथल्या वायरी तापतात. बॉयलरकडून येणाऱ्या पाइपांनाही फोम घातला. हे बहुतेक जण विसरतात.

पैसे वाचवायला थर्मोस्टॅट 45 वर आणायचा मोह होतो. तो टाळा. साठलेल्या कोमट पाण्यात लीजनेला नावाचे जीवाणू वाढतात, म्हणून टाकीत 60 अंश हवेतच. लहान मूल असेल तर नळाशी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवावा.

डिसेंबरात नाशिकला आले तेव्हा निफाडचा पारा रोज पेपरात होता. आमच्या गच्चीवर सोलर आहे. आई रोज गरम पाणी येईपर्यंत नळ सोडून बादली भरायची.

"अगं, पाइपातलं गार पाणी आधी निघायला नको का?" ती म्हणाली.

खरं होतं. 20 मिलिमीटर पोकळीच्या 15 मीटर पाइपात पावणेपाच लिटर पाणी मावतं. फोम घातला तरी रात्रभरात ते गार होणारच. पण आईनंतर बाबा आणि त्यांच्यानंतर मी, अशा मागोमाग आंघोळी होताना दर वेळी पाइप नव्याने तापवावा लागत नाही. काळा रबरी फोम आणला आणि उन्हाने तो भुरभुरू नये म्हणून वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळली.

बाथरूममधल्या गीझरला मात्र बाहेरून काही गुंडाळू नका. त्याच्या आत फोम असतोच, आणि गळती झाली तर झाकलेल्यात दिसत नाही. नवा घेताना लिटर आणि वॉट पाहता तसा लेबलवरचा स्टँडिंग लॉसचा आकडा वाचा. चालू गीझर नुसता उभा राहून 24 तासांत किती वीज गमावतो ते तो सांगतो, आणि जितका कमी तितका बरा. बोअरचं पाणी असेल तर आतला मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड वेळच्या वेळी बदलून घ्या. टाकीऐवजी तो झिजतो.

काल बाबांनी फोटो पाठवला. गच्चीच्या कठड्याजवळ, कोपऱ्यातल्या वळणावर माझ्याकडून वीतभर पाइप उघडा राहिला होता. तिथे त्यांनी स्वतः फोम कापून बसवलाय.