तिसरी बाटली

नागपूरजवळच्या वाडीत माझं इंजिनचे डिझेल पंप आणि इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. संत्र्याच्या हंगामात एका सकाळी कोंढाळीकडचे एक काका कॅरेट भरलेली पिकअप घेऊन आले. गाडी चारपैकी तीनच सिलिंडरवर, धूर ओकत.

मी बॉनेट उघडायच्या आधीच ते म्हणाले, "तिसरा इंजेक्टर गेला भाऊ." चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्या, त्यांनी घरीच चार बाटल्यांत सोडून पाहिल्या होत्या. तिसरी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली, म्हणजे तोच इंजेक्टर गळत होता. आम्ही करतो तीच तपासणी, आणि निदान अचूक.

"मंग बदलला काहून नाही?"

"काल सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर गेलो. आरसी दाखवली, पार्ट नंबर दाखवला. म्हणे सुटा भेटत नाही, गाडी जमा करा, चार दिवस लागन. फळ तोडून झालं, चार दिवस कसा थांबू?"

सुटा पार्ट देण्यातली सावधगिरी मला पटते. या इंजिनांच्या रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीत, दाब हजार बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट) वर जातो. चालू इंजिनच्या डिझेल पाइपचा नट सैल केला तर डिझेलची धार कातडीत घुसते. धुळीचा कणही इंजेक्टर मारतो. पण त्यासाठी माहिती द्यावी, पार्ट अडवून ठेवू नये. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड लावला, तो याच कारणाने: सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात येऊ दिली नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं. काउंटरवरचं उत्तर मात्र मला आजही तेच ऐकू येतं.

ओळखीच्या व्यापाऱ्याकडून दुपारी नवा इंजेक्टर मिळाला. काकांनी इंजिन थंड होऊ दिलं, पाइपांची तोंडं झाकली, जुना तांब्याचा वॉशर काढून नवा टाकला, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळलं. मी फक्त बाजूला उभा होतो.

खरी अडचण पुढे होती. या इंजिनांच्या इंजेक्टरवर कोड छापलेला असतो. तो गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, भरला नाही तर इंधनाचं माप चुकतं, इंजिन ठोकतं. या संगणकाला जोडायच्या माझ्या स्कॅनरमध्ये या मॉडेलचं कोडिंग उघडेना. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर म्हणाले, पार्ट आमच्याकडचा नाही, कोड भरणार नाही. पैसे देतो म्हटलं, तरी नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीत एक कोड भरायला मालकाला परवानगी नसावी, याचा मला त्या दिवशी फार संताप आला.

शेवटी हिंगण्याचा एक मित्र त्याचा स्कॅनर घेऊन संध्याकाळी आला. कोड भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. इंजिन एकसारखं फिरू लागलं.

काकांनी हात पुसले, गाडीच्या वहीत जुना आणि नवा, दोन्ही कोड तारखेसह लिहून घेतले आणि कळमन्याच्या बाजाराच्या वाटेला लागले.